तिकटीवरचं लिंबू

आमच्या पेठेत नास्तिक असा मी एकटाच, त्यामुळे मला फार मागणी असते. खोटं वाटेल, पण सोलापुरात नास्तिक असण्याइतकं लोकोपयोगी काम दुसरं नाही. शेजारच्या मुलानं स्कूटर घेतली आणि गाडी नेमकी पितृपंधरवड्यात आली. शोरूमवाला म्हणे घेऊन जा, आई म्हणे दारात आणायची नाही. झालं, पोरगा माझ्याकडे. "काका, तुम्ही आणा की. तुमच्याकडं ठेवा, घटस्थापनेला मी तुमच्याकडनं घेऊन जातो." म्हटलं, अरे, आणि माझे पितर? तर म्हणतो, "तुमचे कुठं येतायत, काका!" बरोबरच आहे म्हणा, आमच्याकडे त्यांना कोण बोलावतंय. ती स्कूटर सगळा पंधरवडा माझ्या जिन्याखाली उभी होती आणि मी रोज तिच्यावरची धूळ झटकत होतो.

सकाळी फिरायला आम्ही पाचसहा निवृत्त मंडळी जातो. मांजर आडवं गेलं की बाकीचे सगळे एकदम बुटाची नाडी बांधायला खाली वाकतात. चपला घातलेले सुद्धा वाकतात. मी चार पावलं पुढं गेलो, मला काही झालं नाही, असं दिसलं की मग उठतात. एकदा मी मुद्दाम थांबलो. म्हटलं बघू किती वेळ वाकताय. शेवटी त्यातले एक माजी मुख्याध्यापक खालूनच ओरडले, "चला की हो, कंबर मोडली!"

नोकरीतही हेच. मी विजेच्या खात्यात होतो. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा सिद्धेश्वराचे उंच नंदीध्वज गावातून मिरवत नेतात, आणि त्यांच्या वाटेवरच्या तारा आधी बाजूला कराव्या लागतात. हे काम वर्षानुवर्षं माझ्याकडे. पांढरी बाराबंदी घातलेली माणसं कंबरेला तो एवढा मोठा ध्वज तोलत यायची आणि मी मान वर करून आभाळ मोकळं आहे का बघत उभा असायचो. आमचा एक वायरमन म्हणायचा, "देवाला शॉक बसू नये म्हणून खात्यानं खास नास्तिक ठेवलाय." मला ती मिरवणूक मनापासून आवडायची. आजही आवडते. देव आवडायला हवा असं थोडंच आहे, माणसं आवडली तरी पुरतं.

आणि आरत्या? मला सगळ्या पाठ आहेत. आवाजही बरा आहे. गेल्या गणपतीत मंडळाची आरती चालू होती, आणि तेवढ्यात गल्लीच्या टोकावरून आरोळी आली, "पाणी आलं!" आमच्याकडे नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. ताट धरलेल्या गृहस्थांनी इकडंतिकडं बघितलं, मी दिसलो, ताट माझ्या हातात दिलं आणि पळाले. पेटलेली आरती मध्येच खाली ठेवायची नसते म्हणतात. मोटारी सुरू झाल्या, बादल्या वाजायला लागल्या, आणि मंडपात गणपती आणि मी. मी आपला ओवाळत राहिलो आणि उरलेली कडवी एकट्यानं म्हणून संपवली. काय करणार, बिचारा समोर बसला होता.

घरात माझा असा एक करार आहे. देव्हारा बायकोचा, पुस्तकांचं कपाट माझं. धूळ दोन्हीकडची तीच पुसते. ती मला देवळात चल म्हणत नाही, मी तिला चतुर्थीला 'पोटाला कशाला मारतेस' म्हणत नाही. म्हणजे म्हणतो, पण हळू. असा आमचा चाळीस वर्षांचा संसार, बरा चाललेला. दोन वर्षांपूर्वी माझ्या छातीत दुखलं, डॉक्टरांनी नळी घालून रक्तवाहिनी मोकळी केली, आणि घरी आल्यावर मी तिला म्हणालो, "बघ, विज्ञान." ती म्हणाली, "होय की," आणि गोळी हातावर ठेवली. विषय तिथंच संपला असं मी समजत होतो.

आता मुख्य गोष्ट. आमच्या घरापासून थोडं पुढे तीन रस्ते एकत्र येतात. त्या तिकटीवर पत्र्याच्या शेडमध्ये एक बाई कडक भाकऱ्या करतात. सगळी पेठ त्यांना अक्का म्हणते, मीही म्हणतो, जरी त्या माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान असतील. गाव अक्कलकोटच्या पलीकडचं, नवरा यंत्रमागावर काम करायचा, तो गेला, मूलबाळ नाही. पापडासारख्या पातळ, कडकडीत भाकऱ्या, महिनाभर टिकतात, आणि सोबत शेंगाचटणी. पुण्याला शिकणाऱ्या पोरांच्या बॅगेत अक्काची भाकरी नाही असं आमच्या पेठेत होत नाही. निदान होत नव्हतं.

एका सकाळी फिरून येताना बघतो तर अक्का शेडच्या बाहेर उभ्या. चूल पेटलेली नाही. शेजारी पंक्चरवाले चाचाही हाताची घडी घालून उभे.

"अण्णा, हितं या की जरा," अक्का म्हणाल्या. "ते बगा."

शेडच्या दारापुढे पत्रावळीवर दहीभात, त्यावर कुंकू, दोन लाल मिरच्या आणि एक लिंबू. आदल्या दिवशी अमावस्या झालेली. उतारा. म्हणजे आजारी माणसावरून किंवा दृष्ट लागलेल्यावरून हे सगळं ओवाळायचं आणि तिकटीवर नेऊन ठेवायचं, की पीडा त्याच्याबरोबर जाते. ठेवणाऱ्यानं वाटेत कुणाशी बोलायचं नाही, परत येताना मागं वळून बघायचं नाही. आणि ज्याच्या दारात ते सापडतं तो म्हणतो, गेली ती पीडा आपल्याकडेच आली.

"चाचा, तुम्ही तरी उचलायचं," मी म्हणालो.

"नै साब," चाचा दोन पावलं मागे सरकले. "ये अपने बस का काम नै. मैं हात नै लगाता." चाचांच्या स्वतःच्या दुकानाला लिंबूमिरची टांगलेली आहे, हे सांगायला हवं का!

मग काय, आपला जन्मच यासाठी. पत्रावळी उचलली, भात कुत्र्याला घातला, मिरच्या कचऱ्यात. लिंबू मात्र चांगलं पिवळंधमक, रसरशीत होतं. ते खिशात टाकलं. घरी बायकोनं पोहे केले होते. लिंबू धुतलं, कापलं आणि पोह्यांवर पिळलं. "कुठलं हो लिंबू?" तिनं विचारलं. मी मोठ्या ऐटीत सगळी हकिगत सांगितली. "कोण मूर्ख बाई असेल कोण जाणे! गरिबाच्या पोटावर पाय." तिचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, अक्काचं वाईट वाटलं.

पुढच्या अमावस्येला पुन्हा. पुन्हा अक्का बाहेर, पुन्हा मी, पुन्हा लिंबू. त्याच्या पुढच्या अमावस्येलाही. मला काय, मी सरबत करून प्यायलो. पण पेठेत कुजबुज सुरू झाली. हिच्या चुलीवर कुणीतरी करणी केलीय. हिच्या भाकरीतनं काहीतरी घरात यायचं. तोंडावर कुणी बोललं नाही, बोलतील कशाला, रस्त्याच्या पलीकडं एका नव्या बाईनं भाकऱ्या सुरू केल्या होत्या, लोक तिकडं वळले. अक्काच्या टोपलीत भाकऱ्यांची चवड दुपारपर्यंत तशीच दिसायला लागली. फक्त आमच्या घरात का कोण जाणे, भाकऱ्या भरपूर यायच्या. डबे भरले, मग पिंप भरलं. मी म्हणालो, "अगं, आपण दोघं. सैन्य येणार आहे का जेवायला?" बायको म्हणाली, "टिकतात की."

एका दुपारी अक्का मला म्हणाल्या, "अण्णा, दिवाळीपातुर बगते. मग भावाकडं जाते."

"भाऊ बरा आहे ना?"

"बरा हाय. भावजय बी बरी हाय." त्या राख सारत राहिल्या. "पर तितं मी खानारी व्हईन, अण्णा. हितं मी घालनारी हाय." आणि मग एकदम डोळ्यांना पदर लावला. "मी कुनाचं वाईट केलंय हो? कोन एवढं माज्या वाईटावर हाय, तेवडं कळलं तर बरं व्हईल."

मी पेटलो. मला लिंबाचा राग नाही, लिंबू बिचारं काय करतंय. पण एक बाई अशी रडते म्हणजे काय? मी तडक पेंटरकडे गेलो आणि पत्र्याचा बोर्ड करून घेतला. लाल अक्षरात: 'येथे उतारा ठेवू नये. अंधश्रद्धा हा रोग आहे.' स्वतः शिडी लावून खांबाला ठोकला. चाचांनी शिडी धरली. बोर्ड बघून अक्का म्हणाल्या, "अण्णा, चांगलं दिसतंय, पर..." मी म्हणालो, पर नाही न् बिर नाही.

पुढच्या अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं तीन उतारे होते. एकात अंडं. आणि माझ्या बोर्डाच्या खिळ्याला कुणीतरी लिंबूमिरची अडकवली होती. मला काही कळेना. तेवढ्यात लांबच्या पेठेतली एक बाई रिक्षातून उतरली आणि चाचांनाच विचारायला लागली, "ती बोर्डाची तिकटी हीच का हो? लई कडक जागा हाय म्हणे. बोर्ड लावावा लागला, एवढी." चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईनं ट्यूब पाण्यात बुडवली. करायला गेलो गणपती आणि झालं माकड. त्या दिवशी मी चार लिंबं घेऊन घरी गेलो, तर बायको ओट्याला टेकून खालीच बसली.

आता एकच उपाय होता, मूळ माणसाला पकडणं. कारण बाकीचे हौशे-नवशे, पण पहिल्यापासूनची ती पत्रावळी, तो दहीभात, ते एक लिंबू, हे दर वेळी अगदी त्याच जागी असायचं. माझा संशय समोरच्या नव्या भाकरीवालीवर. मी तिच्याकडे जाऊन आडून आडून चौकशीही केली, तर ती पोरगीच घाबरून म्हणाली, "काका, उद्या माझ्या दारात टाकलं तर हो?" चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा माझा विचार तिथं बारगळला. ठरवलं, अमावस्येला दिवेलागणीला चाचांच्या दुकानात दबा धरून बसायचं. घरी काही बोललो नाही. रोज त्या वेळी मी वाचनालयात असतो, आजही तिथंच आहे असं बायकोला वाटत होतं. सांगितलं असतं तर म्हणाली असती, कशाला लोकांच्या भानगडीत पडता.

बसलो टायरांच्या मागं, हातात बॅटरी, डोक्यात भाषण तयार. 'बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता,' अशी सुरुवात करणार होतो. रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते. अक्का चूल विझवून, झडप ओढून घरी गेल्या होत्या. आणि आमच्या गल्लीच्या बाजूनं एक बाई आली. डोक्यावरून पदर पुढं ओढलेला, पदराखाली काहीतरी धरलेलं. खांबाला, माझ्याच बोर्डाच्या खांबाला धरून ती मोठ्या कष्टानं वाकली, पत्रावळी ठेवली, आणि वळून निघाली.

"ओ बाई! थांबा!" मी टायर ओलांडून बाहेर.

ती थांबली नाही.

"तुम्हालाच म्हणतोय! मागं वळा! तोंड दाखवा!"

तिनं पाऊल उचललं. मागं वळायचं नाही, बोलायचं नाही, नियम म्हणजे नियम. मी बॅटरीचा झोत टाकला तो तिच्या पायांवर पडला. डावा पाय जरासा बाहेर टाकत, गुडघा न वाकवता चाललेली ती चाल. पायात माझ्या जुन्या चपला, चाचांनीच ट्यूबचं रबर लावून दिलेल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती चाल मी दिवसातून शंभरदा स्वयंपाकघर ते देव्हारा अशी बघतो.

बॅटरी बंद केली. भाषण घशात तसंच राहिलं. ती पदर सावरत, मान ताठ ठेवून, जमेल तितक्या घाईनं गल्लीत गेली. मागं चाचांनी काही बघितलंच नाही अशा आवाजात विचारलं, "साब, चाय पियेंगे?"

चहा प्यायलो. पत्रावळीला हात लावला नाही. पहिल्यांदाच.

घरी आलो तेव्हा ती पाय धुऊन, देवापुढं दिवा लावून, खुर्चीत बसली होती. माझा आवाज तिनं ओळखलाच असणार.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुम्ही दवाखान्यातनं आल्यावर महिना दीड महिना नुसती बघत होते. झोपेत कण्हायचात. मग केलं."

"आणि मला कधी ओवाळलंस?"

"दुपारी घोरत असता तेव्हा."

"अगं पण डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांनी त्यांचं केलं, मी माझं केलं," ती म्हणाली. "मी तुमची गोळी कधी चुकवली का? सांगा. रोज सकाळी मीच हातावर ठेवते ना?"

"बरं, पण दर अमावस्येला?"

आता ती चिडली. रडत होती आणि चिडली होती. "दर अमावस्येला करायचा होता कुणाला! एकदाच करणार होते मी. आधी केला तो झाडूवालीनं नेला असेल, मला बरं वाटलं. पुढं तुम्हाला पुन्हा धाप लागली म्हणून एकदा, शेवटचा म्हणून नेऊन ठेवला. तर सकाळी तुम्हीच घेऊन आलात! खिशात घालून! आणि माझ्यासमोर पोह्यांवर पिळलंत! जे ओवाळून बाहेर टाकलं ते या माणसानं परत पोटात घातलं. मग काय करू मी? पुन्हा काढला. तुम्ही पुन्हा आणलात. सरबत प्यायलात. त्या दिवशी तर चार घरची लिंबं घेऊन आलात. अहो, गावाची पीडा आणलीत!"

मला हसूही येईना आणि रडूही येईना. इतके महिने मी माझीच इडापिडा खिशात घालून घरी आणत होतो, आणि ही गुडघ्यानं लंगडत ती पुन्हा बाहेर टाकून येत होती.

"आणि अक्का?" मी म्हणालो. "ती दिवाळीनंतर दुकान मोडून चाललीय."

"माहीत आहे." तिचा आवाज बारीक झाला. "गुडघा त्या तिकटीच्या पुढं नेत नाही मला. रोज भाकऱ्या आणत होते की तिच्याकडनं. पिंप भरलं. अजून किती आणू? तिला सांगायला तोंड होत नव्हतं. आणि नाही केलं तर तुम्ही..."

मी चाळीस वर्षं माझ्या बायकोला ओळखतो. देवाला घाबरते असं समजत होतो. ती घाबरत होती ती भलत्याच गोष्टीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं अक्काकडे गेलो. मी बोलायला तोंड उघडलं तर बायको म्हणाली, तुम्ही गप बसा. तिनं पत्रावळीकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं. दवाखाना, धाप, पोहे, सरबत, गुडघा. अक्का हातातली पिठाची पिशवी तशीच धरून ऐकत होत्या. मला वाटलं, आता ही बाई आम्हाला उभं चिरणार, आणि चिरलं असतं तरी बरोबरच होतं.

"ह्ये अण्णांचं व्हय?" अक्का म्हणाल्या.

"होय हो."

"अय्यो!" आणि त्या मटकन तिथंच बसल्या. हसायलाच लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "मला वाटलं कोन माज्या मरनावर टपलंय. रात रात डोळ्याला डोळा न्हाय. ह्ये नवऱ्यासाटी व्हय! मग टाका की, बाई. आपल्या मानसाचं हाय, मला कशाला बादतंय?" मग स्वतःच उठल्या, पत्रावळी उचलली, भाताचा गोळा कुत्र्याला घातला आणि लिंबू मला दाखवून म्हणाल्या, "ह्ये तेवडं तुमाला देत न्हाय."

त्यानंतर त्यांची भीती गेली ती गेलीच. लांबलांबचे उतारे अजूनही अधूनमधून येतात, माझ्या बोर्डाची कृपा. अक्का सकाळी आल्या की त्याला हात जोडतात, "कुनाच्या तरी लेकराचं असंल," म्हणतात, आणि खराट्यानं बाजूला करून चूल पेटवतात. दार वेळेवर उघडायला लागल्यावर, आणि स्वतः अक्काच हसत उतारा झाडताना दिसल्यावर, करणीच्या कुजबुजीत काही दम राहिला नाही. भाकऱ्या पुन्हा पुण्याच्या बॅगांमधून जायला लागल्या. दिवाळी आली आणि गेली, भावाकडे जायचा विषय कुणी काढला नाही. बोर्ड मात्र त्यांनी चाचांकडून उतरवून घेतला. चुलीला वारा लागायचा, तिथं आडवा लावलाय. 'अंधश्रद्धा हा रोग आहे' आतल्या बाजूनं, जाळाकडं तोंड करून.

राहता राहिली आमच्या घरची अमावस्या. तो शेवटचा उतारा मी उचलला नव्हता, पण अक्कांनी उचलला होता, आणि तोही आमच्याच देखत. तो लागू पडला की नाही, याचा बायकोला काही निकाल लागेना. पुढच्या अमावस्येला सकाळपासून तिचं मन कशात नव्हतं. दुपारी मी झोपायला आडवा झालो, डोळे मिटले, घोरायला लागलो. तिनं दहीभात ओवाळला. लिंबू कपाळापाशी आलं तेव्हा मी म्हणालो, "थोडं डावीकडं. दुखलं होतं ते तिकडं."

ती दचकली, मग हसली, मग म्हणाली, "गप पडा. बोलायचं नसतं."

संध्याकाळी पत्रावळी घेऊन ती निघाली तशी मी तिच्या हातातून घेतली. म्हटलं, रेल्वे पुलाच्या पलीकडं एक तिकटी आहे, तिथं दुकान नाही की घर नाही. तुझा गुडघा तिथवर जाणार नाही.

"ज्याचा त्यानं न्यायचा नसतो," ती म्हणाली.

"पेठेतल्या सगळ्यांचे मीच नेतो. माझ्याच्याला दुसरा नास्तिक कुठून आणू?"

तिनं जरा विचार केला. "नास्तिकाला चालत असेल," ती म्हणाली. "पण वाटेत बोलायचं नाही. आणि मागं वळून बघायचं नाही. तेवढं करा."

मी निघालो. एरवी या रस्त्यानं मला दहा जण हाका मारतात. त्या दिवशी हातातली पत्रावळी बघून सगळे गप्प. नाडीवाले मुख्याध्यापक समोरून आले आणि बाजूला उभे राहिले. चाचांनी रेडिओ बारीक केला. अक्का शेडच्या दारात होत्या, त्यांनी नुसती मान हलवली. आयुष्यभर या लोकांशी मी वाद घातला, आणि माझा उतारा चालला होता तर सगळी तिकटी माझ्यासाठी गप्प उभी होती. नशीब, बोलायचं नव्हतं.

पूल ओलांडला, पत्रावळी ठेवली, वळलो. लगेच मागं कुत्र्यांची खडबड झाली. भात खाल्ला का, लिंबू कुठं गेलं, बघायची फार इच्छा झाली. जन्मभर प्रत्येक गोष्ट वळून तपासून बघणारा माणूस मी. पुलावर तर कुणीच नव्हतं, बघितलं असतं तर कुणाला कळणार होतं? मानेला रग लागली, पण तसाच चालत आलो.

ती फाटकात उभी होती.

"बघितलंत मागं?"

"नाही."

"खरंच?"

"शप्पथ."

तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. "तुम्ही कुठला देव मानता? शप्पथ कुणाची?"

"तुझी," मी म्हणालो.

तिनं फाटक लावलं, तांब्यातलं पाणी माझ्या पायांवर घातलं, आणि मग कितीतरी महिन्यांनी ती रात्रभर शांत झोपली.